एरोनी तुइलोमा, एकदाच

"मी चार वेळा बटण दाबलं," तो म्हणाला. "म्हणजे मी चार वेळा गेलो का?"

मी मान वर केली. दारात एक उंच माणूस उभा. अंगात वालू बे गोदीतल्या कामगारांचा निळा डगला, केसांतून पाणी ठिबकतंय आणि ते सगळं पाणी नेमकं माझ्या संगणकाच्या वायरीवर. आमच्या बेटांच्या राजधानीत, सुवात, पाऊस काही कुणाला विचारून येत नाही, मान्य. पण माणसाने दाराबाहेर अंग तरी झटकावं ना!

"आधी तिथून हल," मी म्हणाले. "आणि गेलो म्हणजे? कुठे गेलास?"

"ऑस्ट्रेलियाला." मग जरा लाजून, "म्हणजे... अजून नाही. अर्ज भरलाय. पण बटण दाबलं की नुसतं चाक फिरत राहतं. थांबेना म्हणून परत दाबलं. मग परत. खालचा कापडवाला म्हणाला, ते पान वरच्या मजल्यावर बनवतात."

वरच्या मजल्यावर म्हणजे मीच. आमचं ऑफिस ते केवढं! फातियाकी सर, मी आणि अर्धा दिवस येणारी एक मुलगी. कामगारांना परदेशी पाठवणाऱ्या एका संस्थेच्या अर्जांचं काम आमच्याकडे आलं होतं. वायरमन, वेल्डर, नळकामवाले हवे होते. दोन वर्षं ब्रिस्बेनला, कामाबरोबर शिक्षण आणि शेवटी तिकडचा पक्का परवाना. चाक फिरत राहायचं तो आमचाच गलथानपणा होता, पण तो दारातल्या ओल्या माणसापुढे कोण कबूल करणार?

"चार वेळा दाबलंस तरी तू एकच," मी रुबाबात सांगितलं. "शेवटी मी सगळं एका सेटमध्ये टाकणार. सेट म्हणजे अशी पिशवी समज, की तिच्यात एक वस्तू एकदाच राहते. तीच पुन्हा टाकायला गेलं की पिशवी म्हणते, आहे रे बाबा आधीच, चल नीघ."

"कडक आहे पिशवी. आमच्या आत्यासारखी."

"आणि मग तीन टिंबं."

"ती कशाला?"

"पिशवी उलटी करायला. सेटच्या आधी तीन टिंबं दिली की आतलं सगळं बाहेर येतं, आणि एकेक करून रांगेत बसतं. रांगेला आम्ही ॲरे म्हणतो."

तो हसला. त्याला हसताना बघितलं आणि वायरीचं पाणी पुसायचं राहूनच गेलं. "गंमत आहे," तो म्हणाला. "आम्ही तीन टिंबं कधी देतो? पुढचं सांगायचं नसतं तेव्हा. तुमच्याकडे तीन टिंबं दिली की सगळं बाहेर."

मग गाव कुठलं, बेट कुठलं, हे विचारणं आलंच. त्याने गावाचं नाव सांगितलं आणि मी कपाळावर हात मारला. ताउवू! आमच्या गावाचा आणि त्याच्या गावाचा मूळपुरुष एक. अशा ताउवू माणसांनी एकमेकांना तोंडावर कुत्रा म्हणावं, घरातलं काहीही उचलून न्यावं, आणि समोरच्याने रागवायचं नाही, असा आमचा रिवाज. त्याने टेबलावरचं माझं रोटी-पार्सल उचललं, कागद सोडला आणि अर्धी रोटी एका घासात तोंडात टाकली.

"अरे कुत्र्या! माझं जेवण आहे ते!"

"ताउवू," तो भरल्या तोंडाने म्हणाला आणि जिना उतरून गेला.

अशी माझी आणि एरोनी तुइलोमाची ओळख झाली. दुसऱ्या दिवशी मी दोन रोटी-पार्सलं आणली. का आणली, ते तेव्हा मला विचारलं असतं तर मी भांडले असते.

तो रोज जेवणाच्या सुट्टीत यायला लागला. गोदीपासून चालत वीस मिनिटं, परत जाताना वीस, म्हणजे जेवायला उरतात किती? पण यायचा. कधी बाजारातून भाजलेल्या इवीच्या बिया आणायचा, कधी नुसताच भिजून यायचा. माझ्या शेजारची खुर्ची ओढायचा आणि विचारायचा, "आज काय शिकवणार, बाई?"

शिकण्याची हौस दांडगी. अकरा वर्षं गोदीत जहाजांच्या वायरिंगमध्ये हात घालत होता, पण कागद नव्हता म्हणून हुद्दा मदतनिसाचाच. नवशिक्या पोरांनी परवाना दाखवून ह्याच्यावर साहेबी करायची, आणि अडलं की ह्यालाच हाक मारायची. ब्रिस्बेनच्या अर्जाला वयाची अट होती, पस्तीसच्या आत. एरोनीला चौतीस पुरी झाली होती. म्हणजे ही शेवटची गाडी. चुकली की संपलं.

"माइना," तो एकदा म्हणाला. विलिमाइनाची माइना त्यानेच केली, मला न विचारता. "समजा पिशवीत दोन डबे टाकले. दोन्हीत तेच नाव, तोच पत्ता, तोच फोन. मग एक काढून टाकते ना पिशवी?"

"नाही. तिथेच तर सगळे फसतात. नुसता शब्द असला तर पिशवी शब्दाला शब्द जुळवून बघते. पण डबा टाकलास तर ती झाकण उघडतच नाही. हा एक डबा, तो दुसरा डबा. दोन्ही ठेवते."

"मग शहाणी आहे की! माझ्या आईने भरलेला डबा आणि खानावळीतला डबा, आत कसावा तोच असला म्हणून काय एक झाला?"

"तू नं... बोलण्यात कुणाला ऐकायचा नाहीस."

"तुला ऐकतो की," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता. पडद्याकडे बघत. माझे कान तापले, आणि पुढचं काय शिकवणार होते तेच विसरले.

यादी द्यायचा दिवस शुक्रवार होता. संस्थेला चारच्या आत हवी होती. ज्यांची नावं यादीत, त्यांना हातकामाच्या परीक्षेचं बोलावणं जाणार. एकूण अर्ज चारशे एकोणीस, त्यात त्या फिरत्या चाकाच्या कृपेने कितीतरी दोनदा-चारदा आलेले. मी सगळे अर्ज सेटमध्ये टाकले. चारशे एकोणीस आत, चारशे एकोणीस बाहेर. डबे! मीच त्याला शिकवलेलं, आणि मीच विसरले होते.

पावणेचार वाजले होते. फातियाकी सर पाठीशी उभे. आणि खाली रस्त्यावरून शीळ ऐकू येत होती, कारण त्या संध्याकाळी आम्ही दोघं पहिल्यांदा समुद्राकाठच्या कठड्यावर फिरायला जाणार होतो. मी डब्यांतून नुसती नावं काढली, नावं सेटमध्ये टाकली, तीन टिंबं देऊन रांगेत ओतली. तीनशे अठ्ठ्याऐंशी. त्या त्या नावाचा पहिला अर्ज घेतला आणि यादी तयार.

"तपासलंस?" सरांनी विचारलं.

"हो सर." आणि दोन-दोन पायऱ्या सोडत मी जिना उतरले.

त्या संध्याकाळी कठड्यावर त्याने माझा हात हातात घेतला. गोदीतल्या माणसाचा तो खरबरीत हात! समोर खाडीत दोन जहाजं उभी होती, भुरभुर पाऊस होता, आणि आम्ही छत्री असून उघडली नाही. "बोलावणं आलं तर..." तो म्हणाला. मला काय वाटत होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. न येवो ते बोलावणं. हेच वाटत होतं, लपवून काय करू?

आणि नाहीच आलं.

दहा-बारा दिवस तो फोन हातातून खाली ठेवत नव्हता. तेराव्या दिवशी आला, फोन खिशात टाकला आणि हसला. "जाऊ दे. तिकडे रोटी चोरायला ताउवू कुठून मिळाली असती?" मीही हसले. घरी गेल्यावर तर गाणं गुणगुणत कपडे धुतले. सुंठीवाचून खोकला गेला होता. मी 'जाऊ नकोस' म्हणाले नव्हते, रडले नव्हते, गळ घातली नव्हती, आणि तरी तो राहिला होता. काय नशीब माझं, असं वाटलं. वाटलं खरं.

पुढच्या शनिवारी, एकोणीस तारखेला, तो मला बाजाराच्या दाराशी भेटला. बरोबर एक जाडजूड, हसरा माणूस होता, खांद्यावर तारोच्या कंदांची जुडी.

"हा माझा चुलतभाऊ. गावाहून आलाय. ह्याला आलं बरं का बोलावणं! सोमवारी परीक्षा."

"अरे वा! नाव काय तुमचं?"

"एरोनी तुइलोमा," त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं.

"नाही, तुमचं..."

"माझंच सांगतोय. आजोबांचं नाव. घरात तिघं आहोत आम्ही. हाक मारली की तिघंही वळतो आणि काम असलं की तिघंही पळतो." आणि डोळे मिचकावून, "नाव एक तर नातं एक. ह्याची ती माझीही बायको. ए बायको, कंद घे, भरभक्कम आहेत!"

दोघं एरोनी खो-खो हसले. मला मात्र ती यादी आठवली. कंद कुठे ठेवले, काय बहाणा केला, काही आठवत नाही. ऑफिसची किल्ली माझ्याकडे होती. कुलूप उघडलं, पंखासुद्धा न लावता मूळ अर्ज उघडले.

होते. दोघं होते. एरोनी तुइलोमा, गावचा पत्ता, वय बत्तीस. एरोनी तुइलोमा, वालू बे, वय चौतीस, चार वेळा. थोरल्या अंगाचा तो वयाने धाकटा निघाला, पण अर्ज त्याचा एक दिवस आधी आलेला. पिशवीने पहिला ठेवला. दुसऱ्याला म्हणाली, आहे रे बाबा आधीच.

परक्या माणसाने हे केलं असतं तर म्हटलं असतं, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. पण मी? आमच्याकडे पोर जन्मलं की कुणा थोराचं नाव त्याला मिळतं आणि त्या नावाने दोघं आयुष्यभर बांधले जातात. मी स्वतः विलिमाइना आहे ती वडिलांच्या मावशीवरून, आणि त्याच मावशीवरून माझी एक चुलतबहीणही विलिमाइना आहे. एका नावाची दोन माणसं असतात हे मला कुणी शिकवायला हवं होतं? पण त्या दिवशी खाली शीळ वाजत होती.

संस्थेच्या पत्रात तळाला एक ओळ होती. यादीतल्या दुरुस्त्या तीस तारखेच्या दुपारपर्यंत घेतल्या जातील, आणि राहून गेलेल्यांची परीक्षा नंतर वेगळी होईल. मी संगणक बंद केला. घरी गेले. आणि कुणाला काही सांगितलं नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ते अकरा दिवस मी भोगलं. फोन वाजला की दचकायचे. तो 'माइना' म्हणाला की वाटायचं, कळलं ह्याला. पण तो वेगळंच बोलत असायचा.

"काकांशी बोललो मी," तो म्हणाला. "तांबूआ मिळेल म्हणतात. चांगला मोठा आहे, पिवळा पडलेला." तांबूआ म्हणजे देवमाशाचा दात. तो घेऊन मुलाकडची थोर मंडळी मुलीच्या बापाच्या दारात बसली, की पुढे काय ते सगळ्यांना समजतं. "तुझे वडील दारातून हाकलणार तर नाहीत ना?"

"तांबूआ घेऊन आलेल्याला कोण हाकलतं, गाढवा?" मी म्हणाले, आणि न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं. जे हवं म्हणून मी देवाजवळ मागत होते, ते ताटात वाढून समोर आलं होतं. आणि मी ताटावरून उठून आले होते.

तरीही मी गप्प बसले असते. खरंच सांगते, बसले असते. पण अठ्ठावीस तारखेला तो आला तो रिकाम्या हाताने. रोज काखोटीला असायचं ते वायरिंगचं जाड पुस्तक दिसलं नाही.

"दिलं एका पोराला," तो म्हणाला. "मला काय करायचंय आता? माझ्या भावाने असं पुस्तक कधी उघडून पाहिलं नाही, त्याला बोलावलं. मला नाही. माझ्याच हातात काही कमी असणार, माइना. अकरा वर्षं लोक उगीच मदतनीस म्हणत नसतील."

तो हे रागाने बोलला असता तर मी सोसलं असतं. तो अगदी शांतपणे बोलला. पटल्यासारखा.

तीस तारखेला सकाळी मी त्याला गोदीतून बोलावून घेतलं. दुरुस्तीचं पत्र लिहून तयार होतं, पाठवायचं बाकी होतं. त्याला माझ्या खुर्चीत बसवलं आणि पडद्यावरची सेटची ती ओळ दाखवली. शिकवल्याप्रमाणे तो बोट ठेवून वाचत गेला. ही नावं... ही पिशवी... ही टिंबं... बोट थांबलं.

"दोघं एरोनी," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे मी नापास नव्हतो."

"तुझं नाव तिकडे गेलंच नाही. मी घालवलं. घाईत होते मी, तू खाली उभा होतास आणि मी..." रडू यायला लागलं. "आज दुपारपर्यंत पाठवता येतं. हे बघ, लिहून ठेवलंय."

त्याचा चेहरा उजळला. मी पाहिलं ते. अकरा वर्षांचं ओझं उतरल्यासारखा तो हसलाही. मग ते हसू हळूहळू गेलं.

"बाजारात भाऊ भेटला तेव्हाच कळलं ना तुला? म्हणून पळालीस."

मी 'हो' म्हणाले.

"अकरा दिवस," तो म्हणाला. "मी तांबूआचं बोलत होतो तेव्हाही?"

"तेव्हाही. एरोनी, ओरड ना माझ्यावर! शिव्या दे. कुत्री म्हण. ताउवू आहोत ना आपण?"

"त्या शिव्या चेष्टेत देतात, माइना."

त्याने पत्र शेवटपर्यंत वाचलं, आपली जन्मतारीख पुन्हा तपासली आणि बटण दाबलं. मग उठून खुर्ची जागेवर सारली. "सरांना सांग, बाकीची नावंही बघा म्हणावं. अजून कुणी असेल." आणि गेला. मी सगळी नावं तपासली. आणखी कुणी नव्हतं. एकतीस अर्ज गळले होते, त्यातले तीस खरोखर पुन्हा आलेले. एकच माणूस पुसला गेला होता, आणि तो माझा होता.

तो परीक्षेत पहिला आला. मला हे थोरल्या अंगाच्या एरोनीने सांगितलं, तोही पास झाला होता. सात आठवडे एरोनी दुपारचा फिरकला नाही. रस्त्यात भेटलाच तर आईवडिलांची चौकशी करायचा, अगदी परक्यासारखी. तांबूआ काकांच्या पेटीतच राहिला.

निघायच्या दिवशी मी सुवाच्या बसस्थानकावर गेले. न जाऊन कसं चालेल? नांदीच्या विमानतळाला जाणारी बस सकाळी दहाची. चटया अंथरून दोघांच्या घरचे बसले होते, प्रार्थना झाली होती, दोघांच्या गळ्यांत फुलांचे हार. त्याची आई मला जवळ घेऊन "इसा, इसा" करत रडली. तिला काही ठाऊक नव्हतं. त्याने घरी कुणालाच सांगितलं नव्हतं.

सामान चढवून झाल्यावर तो माझ्याकडे आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट डोळ्यांत बघितलं.

"एक सांगतो. रागाने नाही सांगत." तो थांबला. "त्या शनिवारी सांगितलं असतंस ना... तर मी गेलो नसतो."

"काहीतरीच. शेवटची संधी होती तुझी."

"होती. परीक्षा दिली असती, पास झालो असतो, आणि मग तो कागद घरात ठेवून तुझ्या दारात आलो असतो. मनात ठरलं होतं माझं. मला नुसतं कळायला हवं होतं, की मी जाऊ शकतो. मग मी आपण होऊन राहिलो असतो." त्याने हार जरा सैल केला. "तू मला न विचारताच ठेवून घेतलंस. आता राहिलो, तर रोज सकाळी तेच आठवेल मला. तुलाही."

पाऊस सुरू झाला होता. बायका चटया गुंडाळायला लागल्या. चालकाने इंजीन सुरू केलं. थोरल्या अंगाचा एरोनी खिडकीतून ओरडला, "ए बायको, रडू नकोस, मी तुला कांगारू पाठवतो!" आणि सगळे हसले.

"तुला काही म्हणायचंय?" एरोनीने विचारलं.

त्याने मुद्दाम विचारलं होतं. वाट बघत उभा राहिला. चालक हाका मारत होता तरी उभा राहिला. राहा, एवढंच म्हणायचं होतं मला. कदाचित तो नसता राहिला. पण म्हणायला काय हरकत होती? पण अकरा दिवस गप्प बसलेल्या बाईने आता कुठल्या तोंडाने म्हणायचं?

"पोचलास की कळव," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली आणि बसमध्ये चढला. पलीकडच्या खिडकीत बसला. हात हलवत होता तो दुसरा एरोनी.

दोन दिवसांनी फोनवर निरोप आला. 'पोचलो.' एवढाच. मी उत्तरात 'परत ये' असं लिहिलं. मग ते पुसलं आणि 'बरं' असं पाठवलं.